शहाबादी फरशीवरचा ड्रॉइंगचा तास



गेले पंधरा दिवस आपल्या ग्रुपवर शाळेच्या आठवणी चालल्यात. कुणी मैदानावर लिहिलं, कुणी प्रयोगशाळेवर, कुणी गॅदरिंगवर. मागं एका पोस्टखाली मी लिहिलं होतं, "मला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं, पण अप्पांनी नको म्हटलं." त्यावर बऱ्याच जणांनी हात जोडले, "आपल्या पिढीचं असंच झालं" असं लिहिलं. ते वाचून मला चार दिवस नीट झोप लागली नाही. कारण ते खरं नव्हतं. म्हणून आज हे लांबण लावतोय. सवडीनं वाचा.

आमचं गाव कडगंची, आळंद–गुलबर्गा रस्त्यावरचं. (आता कलबुर्गी म्हणतात, पण माझ्या तोंडात गुलबर्गाच येतं.) घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि म्हाताऱ्या माणसांच्या कागदपत्रांत निजामाच्या वेळची उर्दू. हायस्कूलला मी रोज एसटीनं जायचो. शाळा मोठी होती, पण चित्रकलेची वेगळी खोली नव्हती. ड्रॉइंगचा तास व्हरांड्यात. एक पत्र्याची ट्रंक, बारा ड्रॉइंग बोर्ड, एक कंदील, एक पितळी तांब्या, दोन विटा. सुविधा म्हणाल तर एवढ्याच. कागद परवडायचा नाही, म्हणून सर म्हणायचे, "आधी फरशीवर काढा."

फरशी आपल्याच जिल्ह्यातली, शहाबादी. करडी-निळसर. आम्ही खडूनं तांब्या काढायचो, सर ओल्या फडक्यानं पुसायचे. पुन्हा काढ, पुन्हा पूस. एकदा मी सावली दाखवायला कोळसा घासत बसलो होतो. सर शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "सावली फरशीनं आधीच दिलीय रे. तू नुसता उजेड काढ." मी कोळसा टाकला आणि तांब्याच्या गळ्यावर, पोटावर जिथं ऊन पडलं होतं तिथंच खडू लावला. तांब्या फरशीतनं वर आला! अंगावर काटा आला होता. रंगीत कागदावर असंच काम करतात, हे मला फार पुढं कळलं.

सर इतिहास पण असाच बसल्या बसल्या सांगायचे. आमच्या सगळ्यांच्या घरी भिंतीवर देवादिकांची कॅलेंडरं असायची. सर विचारायचे, "ही चित्रं काढणारा माणूस कुठला, माहीत हाय का?" आम्ही म्हणायचो मुंबईचा. "मुंबईचा न्हवं, आपल्या गुलबर्ग्याचा. एस. एम. पंडित." पंडितांचा जन्म १९१६ चा, गुलबर्ग्यातला. त्यांचे सुरुवातीचे गुरू शंकरराव आळंदकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले. आडनावातच आळंद! हे ऐकलं की आम्ही पोरं ताठ बसायचो. पुढं पंडित मद्रासच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईत दंडावतीमठांच्या नूतन कला मंदिरात आणि जे. जे. मध्ये. 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठं त्यांनी केली, सिनेमाची पोस्टरं केली, आणि कॅलेंडरांतनं ते घराघरांत गेले. सरांचं म्हणणं एकच असायचं, "शाळा म्हणजे इमारत न्हवं. एकानं दुसऱ्याला धरून शिकवणं, ती शाळा."

परीक्षेची मात्र आमची गंमत होती. सोलापूरचा माझा आतेभाऊ एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसायचा. आम्हाला कर्नाटकच्या लोअर आणि हायर ग्रेड. दिवाळीत तो आला की आम्ही वह्या ताडून बघायचो. तेच वस्तुचित्र, तीच नक्षी, तीच भूमिती. सीमा फक्त सर्टिफिकेटावर.

दहावीच्या वर्षी सरांनी आम्हा पाच जणांना गुलबर्ग्याला नेलं. तोवर तिथं व्ही. जी. अंदानींसारख्या चित्रकारांनी कलाशिक्षणाचं काम उभं केलं होतं. एका कलाशाळेत आम्ही अर्धा दिवस होतो. उंच खिडक्या, प्लास्टरची डोकी, हात, पाय. बसून चित्र काढायच्या बाकाला तिथं 'डाँकी' म्हणतात, म्हणजे गाढव. आम्ही खूप हसलो. मग मी एका मुलाच्या मागं जाऊन उभा राहिलो. तो समोर बसलेल्या म्हाताऱ्याचं चित्र काढत होता. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्यानं काढलेल्या त्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं वजन दिसत होतं. वजन! माझं हसू तिथंच संपलं. शाळेत माझ्यासारखा दुसरा कुणी नव्हता. इथं मी कुणीच नव्हतो. परतीच्या गाडीत बाकीचे बडबड करत होते, मी खिडकीबाहेर तुरीची रानं बघत बसलो.

दहावीचा निकाल लागल्यावर सर स्वतः प्रवेशाचा फॉर्म घेऊन कडगंचीला आले. आईनं चहा केला. अप्पांनी विचारलं, "मास्तर, यातनं पोट भरतंय का?"

सर म्हणाले, "खोटं बोलत नाही अप्पा. भरंल, नाही बी भरंल. पण पोराचा हात चांगला हाय."

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग जाऊ दे की. एक वरीस बघू. तुरीचं पैसं येतील."

होय मंडळी. अप्पा 'हो' म्हणाले होते. 'नको' मी म्हटलं. "सर, मला टीसीएच करायचंय, लवकर नोकरी लागंल." घरासाठी शहाणपणा केला असं सगळ्यांना वाटलं. आईनं तर पाठीवरनं हात फिरवला. सरांनी फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली आणि माझ्याकडं एकदाच बघितलं. त्यांना कळलं होतं. मी भ्यालो होतो.

नंतर मास्तरकी मिळाली, संसार झाला. आळंद स्टँडवर सर लांबनं दिसले तर मी पानपट्टीच्या आड जायचो. असं किती वर्षं केलं ते सांगायची लाज वाटते. सर गेले तेव्हा मी मातीला पण गेलो नाही. आणि अप्पा गेल्यावर 'अप्पांनी नको म्हटलं' हे सांगणं सोपं झालं. गेलेला माणूस खोडून काढायला येत नाही.

आता २००९ च्या कायद्यानं झालेलं केंद्रीय विद्यापीठ आमच्या कडगंचीत उभं आहे. मोठमोठ्या इमारती, देशभरातली पोरं. एसटीतनं जाताना ते बघितलं की बरं वाटतं. आणि दर वेळी सरांची पत्र्याची ट्रंक आठवते.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. नोकरीभर, ज्या ज्या शाळेत शहाबादी फरशी होती, तिथं शनिवारी पोरांना खडू दिले. तांब्या मांडला. "सावली आधीच आहे, उजेड काढा" असं सांगितलं. हे वाक्य माझं नाही, हेही दर वेळी सांगितलं. त्यातली एक मुलगी आज ड्रॉइंग टीचर आहे. ती काढते त्या हातांना वजन असतं.

अप्पांची माफी इथंच मागतो, सगळ्यांसमोर. त्या पोस्टखालची माझी कॉमेंट मी काढून टाकली नाही. खाली या पोस्टची लिंक दिली आहे.

आपल्या बॅचच्या कुणाकडे त्या व्हरांड्याचा किंवा सरांचा फोटो असेल तर जरूर टाका. माझ्याकडे एकही नाही.