कडू भोपळ्याचे गोड बोल

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडीनंतर भवानीनगर येते. ते आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. दिवाळीच्या आगेमागे छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि पुढचे काही महिने सारा मुलूख चिपाडाचा नि मळीचा वास अंगावर घेऊन वावरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याने या कोरड्या माळाला पाणी दाखवले. तेव्हापासून इथल्या माणसाचे सारे हिशेब उसाच्या कांड्यांनी मोजले जातात. लग्न, घर, मुलांची शिक्षणे, सगळे 'बिल निघाल्यावर'.

अशा गावात वाद्यांचा विषय काढणारा माणूस थोडा वेडगळच ठरायचा. पण वर्षातून एकदा याच रस्त्याने वीणांची रांग जाते. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून नि मेंढ्यांच्या रिंगणातून पुढे सरकते आणि भवानीनगरवरून सणसरच्या मुक्कामाला जाते. दिंडीगणिक एक विणेकरी असतो. टाळकरी टाळ गळ्यातून काढतील, मृदंगी मृदंग उतरवून घटकाभर बसेल. वीणा मात्र सहसा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ही वीणा कुठून येते, तिला कोण घडवते, हा प्रश्न रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सहसा पडत नाही.

मला तो पडला आमच्या भवानीनगरच्या पुतण्यामुळे. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो आणि गिटार वाजवतो. त्याला विजेवरची गिटार घ्यायची होती, पण दुकानातली नव्हे. आपल्या मापाने, आपल्या पसंतीच्या लाकडांची, कारागिराकडून हाताने करवून घेतलेली.

"काका, धड पडौकचं, त्यावर झेब्रावुडची फळी, मान मेपलची आणि बोटं फिरतात ती पट्टी शिसवाची."

"शिसव? अरे, तुझ्या पणजोबांचा पलंग शिसवी होता!"

"तिकडे त्याला दुर्मीळ परदेशी लाकूड म्हणतात, काका."

यात त्याची काही चूक नाही. आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाला जगभरचे गिटारवाले मान देतात. त्याची मागणी इतकी वाढली की २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यांच्या नियमांखाली आला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकला, हे आपण कौतुकाने सांगतो. पण १९६९ च्या जानेवारीत लंडनमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर बीटल्सचा तो प्रसिद्ध कार्यक्रम झाला, तेव्हा त्याच्या हातात फेंडर कंपनीची सबंध शिसवी गिटार होती, हे पुतण्याने मला सांगितले.

पुढे त्याने मला विजेच्या गिटारचे मर्मही समजावले. साध्या गिटारचे पोट पोकळ असते आणि ते आवाज वाढवते. विजेच्या गिटारला पोटच नाही. ती भरीव फळी असते. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कापली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो आणि कर्ण्यातून नाद होऊन बाहेर पडतो. अमेरिकेतल्या लेस पॉल नावाच्या वादकाने १९४० च्या सुमारास एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून हे करून पाहिले. पण श्रोत्यांना ओंडका रुचेना, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना एका जुन्या गिटारचे अर्धे अर्धे अंग चिकटवले. नाद ओंडक्याचा, अंग निव्वळ शोभेचे!

मग ही उंची लाकडे नादासाठी की शोभेसाठी, यावर जाणकारांत अजून वाद आहे. मी त्या वादात पडलो नाही. एवढेच म्हणालो, "हाताने वाद्य करवून घ्यायचे आहे ना? मग आधी मिरज पाहून घे."

भवानीनगरहून मिरजेची जवळची वाट फलटणवरून जाते. आम्ही मुद्दाम नदीची वाट धरली. नीरा इंदापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहत जाते आणि नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. तिथून पुढची भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. तंबोऱ्याचा नि सतारीचा भोपळा या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शिवारांतला.

मराठी भाषेने भोपळ्याची फार थट्टा केली आहे. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा. न जमणारी दोन माणसे म्हणजे विळ्या-भोपळ्याचे सख्य. लेकीकडून परतणाऱ्या गोष्टीतल्या म्हातारीने तेवढी त्याची किंमत ओळखली होती. हा वाद्याचा भोपळा तर कडू. तो माणूस खात नाही की जनावर तोंड लावत नाही. पण त्याची काळजी एखाद्या बाळासारखी घ्यावी लागते. बूड ओलीला टेकून कुजू नये, एका अंगाला कलून वाकडे होऊ नये, कवच जाड धरावे म्हणून वेलावरच पुरता पिकू द्यावा. पुरुषी तंबोऱ्याला चार फुटांहून अधिक घेराचा, चारी अंगांनी सारखा भोपळा लागतो. शंभरांत असे किती निघणार? उसाला कारखाना आहे, टोळी आहे, ठरलेला भाव आहे. कडू भोपळ्याला वाट पाहणारा गिऱ्हाईक एकच, आणि तो मिरजेला बसलेला. ज्याच्या शेतापर्यंत पाणी आले, त्याने ऊस सोडून भोपळ्याचा वेल का लावावा, याचे उत्तर भवानीनगरच्या माणसापाशी नाही.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिरलो, तो छपरापासून जमिनीपर्यंत भोपळेच भोपळे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार देणारे. इंग्रजी अमलात हत्यारे थंडावली तसा धंदाही बसला. १८५० च्या सुमारास मिरज संस्थानात गवयांची ये-जा वाढली होती. वाद्य बिघडले की पार उत्तरेत पाठवावे लागे. पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने ती वाद्ये उघडून पाहिली, दुरुस्त केली आणि मग स्वतः घडवली, असे सांगतात. तलवारीच्या पात्याला धार लावणारे हात तारेला धार लावू लागले. विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवांकडे शिकले ते याच गावात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे बिऱ्हाड केले आणि १९३७ मध्ये ते इथल्याच मातीत विसावले. वाद्य आणि गळा यांचे असे शेजार फार थोड्या गावांच्या नशिबी असते.

एका वयस्क कारागिराने आम्हाला बसायला पोते दिले आणि काम चालू ठेवले. भोपळ्याचे तोंड करवतीने कापायचे, पाण्यात भिजवून मऊ करायचे, आत काटक्यांचा ताण देऊन हवा तो आकार आला की वाळवायचे. मग तुणीच्या तांबूस, हलक्या लाकडाचा गळा, वर तबली, लांब पोकळ दांडी, खुंट्या, नक्षी आणि शेवटी लाखेचे पॉलिश.

पुतण्याने विचारले, "चाचा, चांगलं लाकूड कसं ओळखायचं?"

चाचांनी बोटाच्या पेराने तबलीवर टिचकी मारली. "डोळ्यानं नाही बेटा, कानानं. लाकूड देखणं असून मुकं असतं."

खरी गंमत पुढे होती. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिच्या पाठीला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत कापते. तारेखाली सुताचा दोरा केसभर मागे-पुढे सरकवला की अचानक नाद उमलतो आणि एका तारेतून अनेक स्वर निघू लागतात. हीच जवारी. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर शास्त्रीय निबंध लिहून दाखवले, की तारेसंबंधी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी मांडलेला नियम या घोडीपुढे चालत नाही. जे स्वर त्या नियमाप्रमाणे उमटूच नयेत, ते इथे ऐकू येतात. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत विजेवरची 'सतार' निघाली, तेव्हा त्या गिटारला चपटी, रुंद घोडी बसवली ती याच झंकारासाठी. पुतण्या भोपळ्याला कान लावून किती तरी वेळ बसला होता. त्याने फळ्यांची यादी खिशातून काढलीच नाही.

"जवारी काढायला कितीजण आहेत आता?" मी विचारले.

"सांधणारे, रंगवणारे पुष्कळ. पण सर, जवारीला दहा वर्षं बसावं लागतं. पहिली पाच तर नुसतं ऐकायचं. एवढं कोण थांबतंय?"

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट खरी. मानांकन नावाचे रक्षण करील. कानाचे करणार नाही. विजेवरची तंबोऱ्याची पेटी कित्येक वर्षांपूर्वीच आली, आता तर तंबोरा खिशातल्या फोनमध्ये बसला आहे. तो कधी उतरत नाही, फुटत नाही, जवारी मागत नाही. आणि जवारी कोणी मागितलीच नाही, तर ती शिकायला दहा वर्षे कोण बसणार? वेलावरचा भोपळा, तुणीची दांडी आणि कारागिराचा कान ही एकच साखळी आहे. तिची एक कडी निखळली की बाकीच्या नुसत्या वस्तू उरतात.

पुतण्या गिटार करवून घेईलच, आणि खुशाल घ्यावी. हाताने घडलेल्या वस्तूची ओढ वाटणे हे चांगलेच लक्षण आहे. पण तुमच्या-आमच्या किती तरी घरांत आजीचा किंवा आत्याचा तंबोरा माळ्यावर खोळीत उभा असेल. तारा गंजल्या असतील, घोडीला खाचा पडल्या असतील. या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात जाऊ देऊ नका. मिरजेची गाडी पकडा. तिथे कोणीतरी त्याच्या भोपळ्यावर टिचकी मारील, डोळे मिटून ऐकेल आणि कानस हाती घेईल. शेजारी बसलेल्या एखाद्या पोरालाही तेवढेच एक घोडी ऐकायला मिळेल.