कोल्हापूर केव्हा पाहावे?

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाच्या मागे एक बिनपगारी नोकरी जन्मभर लागलेली असते. पुण्या-मुंबईचा कोणी मावसभाऊ, कुणा स्नेह्याचा स्नेही, जावयाच्या कचेरीतले कोणी सद्गृहस्थ, असे कोणी ना कोणी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात आणि म्हणतात, “दोन दिवस येतो आहे. काय पाहू, कुठे जेवू, तेवढे सांगा.” हे शहर म्हणजे जणू माझ्या घरचे कपाट आणि त्यातल्या चार वस्तू काढून मी त्यांच्या पिशवीत टाकायच्या, असा त्यांच्या आवाजात भाव असतो. मलाही ही नोकरी मनापासून आवडते. आपल्या गावाविषयी कोणी विचारावे आणि आपण सांगत सुटावे, यासारखे स्वस्त सुख दुसरे नाही.

ही नोकरी करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विचारणारा नेहमी ‘कुठे’ विचारतो. मिसळ कुठे चांगली मिळते? तांबडा रस्सा कुठला घ्यावा? देवळाखेरीज पाहण्यासारखे कुठे काय आहे? आणि माझ्या तोंडी उत्तर येते ते ‘केव्हा’चे! वास्तविक ‘कुठे’साठी आता माझी गरजच उरलेली नाही. ज्याच्या त्याच्या खिशातला मोबाईल ते सांगतो, नकाशासकट सांगतो आणि वर तिथे जेवून किती जण तृप्त झाले त्याचा हिशोबही देतो. पण गाव नुसते जागेत नसते, ते घटकेतही असते. ती घटका चुकली की जागा सापडूनही गाव सापडत नाही.

आता मिसळीचेच पाहा. पाहुणे रात्री उशिरा पोहोचतात, सकाळी निवांत उठतात, देवदर्शन आटोपतात आणि दुपारी दोन वाजता मिसळ शोधीत निघतात. तोवर नावाजलेल्या ठिकाणची पातेली घासायला गेलेली असतात. कोल्हापूरची मिसळ ही सकाळची वस्तू आहे. शिवाजी उद्यमनगर हा आमच्याकडचा लेथ, ओतकाम आणि यंत्रांच्या सुट्या भागांचा मुलूख. तिथे सकाळी नवाच्या आत जावे. हाताला वंगणाचा वास असलेला कोणी कारागीर आपल्या शेजारी बसलेला असतो. त्याच्यासमोर मटकी, फरसाण आणि वर ओतलेला लालभडक कट, बाजूला पावाऐवजी ब्रेडचे काप. तो खातो ते चैन म्हणून नव्हे. पुढे दिवसभर उभे राहायचे असते म्हणून. त्याच्याकडे पाहिले की या पदार्थाचा तिखटपणा एकदम समजतो. तीच मिसळ भरल्या पोटी, दुपारच्या झोपेच्या वाटेवर खाल्ली, तर नुसते डोळ्यांतून पाणी येते आणि “फार तिखट बुवा!” एवढाच अभिप्राय उरतो.

पिण्याचा विषय निघाला की पाहुण्यांचा आवाज किंचित खाली येतो. त्यांची निराशा करणे माझ्या जिवावर येते. पण कोल्हापुरात आवर्जून प्यायचे ते दूध! गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचे ते दिवेलागणीनंतर. म्हशी येऊन उभ्या असतात, गवळी आपल्या देखत धार काढतो आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला हातात देतो. तालमीतून सुटलेली पोरे तो एका दमात रिचवतात आणि मिशीवरचा फेस मनगटाने पुसतात. दूध तापवून प्यावे हे डॉक्टरांचे सांगणे मला मान्य आहे, आणि नाजूक पोटाच्या माणसाला मी पेला हाती न धरता नुसते उभे राहण्याचा सल्ला देतो. पण उभे मात्र राहावे. कुस्तीच्या आखाड्यावर जीव टाकणाऱ्या गावाचा खुराक रस्त्यावर उघड्यावर चाललेला दुसरीकडे सहसा पाहायला मिळायचा नाही. सकाळी अकरा वाजता तीच जागा म्हणजे रहदारीचा एक साधा रस्ता.

रश्श्यासंबंधी लोकांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसला आहे. कोल्हापूरचे जेवण म्हणजे आग, असे त्यांना वाटते. मग पांढरा रस्सा पानात कशाला आला असता? मटणाच्या शिजलेल्या पाण्यात नारळाचे दूध, खसखस, पांढरे तीळ असे घालून केलेला तो रस्सा जिभेला थोपटीत जातो. तांबड्याने पेटवावे आणि पांढऱ्याने निववावे, अशी ती जोडी आहे. घराघरांत तिखट-मसाला घालण्यापूर्वीची आळणी बाजूला काढून ठेवतात, ती लहान मुलांसाठी. त्या आळणीत गावाची सगळी माया उतरलेली असते. म्हणून खाणावळीची नावे सांगून झाली की मी हळूच म्हणतो, “रविवारी दुपारी येणार असाल तर घरीच या.” रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग पाहावी, मग साऱ्या गल्लीतून येणारा भाजलेल्या खोबऱ्याचा वास घ्यावा आणि पानावर बसावे. “बसा की, जेवून जावा,” हे वाक्य इथे निरोप देताना म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला ते खरोखरच हवे असते.

अंबाबाईच्या देवळाविषयी मला कोणी विचारीत नाही. तिथे तर सगळे जातातच. पण केव्हा जावे हे विचारायला हवे. देवीचे मुख पश्चिमेकडे आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी ती पावलांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, असा क्रम सांगतात. सारा खेळ काही मिनिटांचा! यात चमत्कार नाही. चमत्काराहून मोठे असे काहीतरी आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेचे टोक गाठून परत फिरतो. त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. म्हणून वर्षातून दोन वेळा हा योग.

अलीकडे मात्र हा योग दर वेळी साधत नाही. कधी ढग येतात, कधी हवेतली धूळ आणि बाष्प, तर कधी पश्चिमेला उंच चढलेली बांधकामे आडवी येतात. वाटेत काय काय उभे राहिले आहे ते मोजून, हेरून, काढून टाकावे लागले. गाव वाढते, उंच होते, हे साहजिकच आहे. तरीही मनात येते, की इतक्या शतकांपूर्वी एका किरणासाठी जी वाट राखली गेली, ती रोजच्या धबडग्यात आपल्याला सहज बुजवून टाकता येते. कोणी मुद्दाम बुजवीत नाही. एकेक मजला चढत जातो, एवढेच.

तिथून पश्चिमेला चालत गेले की रंकाळा. संध्याकाळी सूर्य शालिनी पॅलेसच्या मागे कलला की कट्ट्यावर सारे गाव येऊन बसते. पाण्यातला संध्यामठ पावसाळ्यात अर्धा बुडालेला आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पायथ्यापर्यंत उघडा, म्हणजे तोही ‘केव्हा’च्याच हवाली. काठावर नंदीचे देऊळ आहे. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो रंकाळ्याला पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल, अशी जुनी समजूत आहे. लहानपणी या गोष्टीची भीती वाटे. आता वाटते, की ही समजूत ज्याने प्रथम सांगितली त्याला गावे कशी बदलतात ते नेमके ठाऊक होते. पुढे जाणे आणि मागे येणे यांत फरक असतो तो एवढाच. एका दिवसात डोळ्यांना न दिसणारा.

कधी कधी मात्र नंदी एका रात्रीत उडी मारतो. खासबागेचे मैदान पाहण्यासारखे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१२ साली, ते कुस्तीसाठी उभे राहिले. मधला हौदा खोलगट आणि भोवतीची बैठक चढत गेलेली, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पहिल्या रांगेतल्या इतकीच कुस्ती दिसते. त्याला लागूनच महाराजांनी नाटकासाठी पॅलेस थिएटर बांधले. ते १९१५ साली सुरू झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. मल्ल आणि गवई पाठीला पाठ लावून बसावेत, ही कल्पनाच मला या गावचे सार वाटत आली आहे. पाहुण्यांच्या यादीत हे नाट्यगृह नेहमी शेवटी असे आणि नेहमी राहून जाई. “पुढच्या खेपेला पाहू,” ते म्हणत. मीही “हो, ते कुठे जाते!” म्हणे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, हा केशवरावांचा जन्मदिवस. ज्या रंगमंचावर त्यांचे स्मरण व्हायचे त्याचीच राख झाली. त्या रात्री किती तरी कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. पुन्हा बांधण्याचे काम हाती घेतले गेले आहे आणि ते पुरे झाले की मी पाहुण्यांना तिथे जरूर पाठवीन. पण ‘पुढच्या खेपेला’ हा शब्द मी आता कोणाला वापरू देत नाही.

राहिला चहा. कोल्हापुरातला सर्वांत चांगला चहा कुठला, असे मला कोणी विचारले तर मी निःशंकपणे सांगतो, की तो शंभर वर्षांपूर्वी भाऊसिंगजी रस्त्यावर मिळत असे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सोबतच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना तर शासन केलेच. पण गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा करायला मदत दिली. त्यांनी चहाचे दुकान काढले. नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा त्या काळी कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले. स्वतः चहा मागवीत, पीत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो प्यायला लावीत. राजाने पेला तोंडाला लावला, मग बाकीच्यांनी नाही कसे म्हणावे? २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा ज्यांनी काढला, त्यांनी तोच जाहीरनामा पुढे एका कपबशीत ओतून दाखविला.

ते दुकान आज नाही. त्या चहाची वेळ टळून गेली आहे. तरीही तो माझ्या यादीतून मी गाळीत नाही. पाहुण्यांना सांगतो, की भाऊसिंगजी रस्त्यावर कुठल्याही टपरीवर एक कप चहा घ्या. तिथून दसरा चौक जवळच आहे. विजयादशमीला सूर्यास्ताच्या वेळी तिथे पालख्या येतात, शमीपूजन होते आणि सोने लुटायला गर्दी लोटते. ते पाहायला सारे जातात. पण बाकीच्या साध्या दिवशीही तिथे थांबावे. महाराजांच्या प्रोत्साहनाने निघालेली मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशी विद्यार्थ्यांची वसतिगृहे त्या चौकाभोवती आहेत. त्यांत फोटो काढण्यासारखे काही नाही, म्हणून ती कोणाच्या यादीत नसतात. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळावे, एवढ्यासाठी त्या काळी हे सारे उभारले. हे माहीत झाले म्हणजे सकाळच्या मिसळीच्या बाकावर आपल्या मांडीला मांडी लावून बसलेल्या अनोळखी माणसाकडे आपण जरा निराळ्या नजरेने पाहतो. त्या बाकावर कोणीही कोणाशेजारी बसतो, ही गोष्ट आपल्याला इतकी सहज वाटते की तिला काही वेळ लागला होता, काही किंमत पडली होती, हे ध्यानातच राहत नाही.

पाहुण्यांना हे सारे फोनवर सांगणे जमत नाही. ते घाईत असतात, आणि त्यांना हव्या असतात चार नावे. ती मी देतो. मात्र प्रत्येक नावापुढे एक वेळ लिहून देतो: मिसळ, सकाळी नवाच्या आत, दूध, दिवेलागणीनंतर, रंकाळा, सूर्य मावळताना, देऊळ, शक्य असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रस्सा, रविवारी, आमच्या घरी. त्यातली निम्मी वेळापत्रकात बसत नाहीत, म्हणून काही जण कुरकुरतात. कुरकुरू देत. दोन दिवसांत सारे गाव पाहून होत नाही, हे कळले तरी पुष्कळ झाले. चहापुढे मात्र मी वेळ लिहीत नाही. तो केव्हाही घ्यावा, फक्त शेजारच्या माणसाला “घेणार का?” म्हणून विचारून घ्यावा.