पंपाचं सील

आजची दुपार डिझेल इंजिनांचे फ्युएल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात गेली. भरलेली गाडी खंबाटकी घाट चढताना मरते म्हणून एक मालक जुना सहा सिलिंडरचा ट्रक घेऊन आले होते. "मिस्त्री, डिझेल जरा वाढवून द्या," एवढंच मागणं. त्यांचं दुखणं मला कळतं. घाटात गाडी रखडली की मागून हॉर्न सुरू होतात, ड्रायव्हर मेटाकुटीला येतो.

पण जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवून वेग राखत नाहीत. पंप डिझेल किती सोडतो यावरच ताकद ठरते. पंपातल्या रॅकचा, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणाऱ्या दांडीचा, फुल-लोड स्टॉप सरकवला की प्रत्येक प्लंजर जास्त डिझेल ढकलतो आणि गाडी खरोखर उचलते. मात्र एक किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. ती कुठून आणणार? मग एक्झॉस्ट तापतो, पिस्टनचा माथा वितळू शकतो. काळ्या धुराला ताकद समजणारे ड्रायव्हर पाहिले की जीव तुटतो. ते पैसे मोजून भरलेलं, अर्धवट जळालेलं डिझेल असतं.

मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासले, मग पंप टेस्ट बेंचवर चढवला. काचेच्या नळ्यांत मोजलं तर दोन प्लंजर कमी देत होते. ते जुळवले, टायमिंग पाहिलं. स्टॉपला हात लावला नाही; त्याचं शिशाचं सील तसंच राहिलं. याला मी कारागिरी म्हणतो.

मालकांनो, पंप वाढवायला सांगण्याआधी तो एकदा बेंचवर मोजून घ्या.