वेग उतरल्यावर

फुटबॉल मॅनेजर या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या उताराची पहिली खूण आकड्यात दिसत नाही. ट्रेनिंगच्या पानावर त्याच्या ‘अ‍ॅक्सेलरेशन’समोर एक बारीक लाल बाण उमटतो, खाली तोंड केलेला. आकडा तोच असतो, १६. पडद्यावर गुण १ ते २० असे दिसत असले तरी आतला हिशेब त्याहून बारीक चालतो. त्यामुळे सोळातला थोडा भाग झिजलेला असतो, पण पंधरा व्हायला अजून अवकाश असतो. काही महिन्यांनी तोच बाण ‘पेस’समोर येतो, मग ‘स्टॅमिना’समोर. संघ जिंकत असतो, तो गोल करत असतो, बोर्ड खूश असतं. फक्त मॅनेजरला कळलेलं असतं की आता या माणसाचं काय करायचं, हे ठरवायची वेळ जवळ आली.

मी हा गेम तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ होता तेव्हापासून खेळतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या दोन भावांनी तो बनवला आणि १९९२ साली बाजारात आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली आणि २००४ पासून त्यांच्या स्पोर्ट्स इंटरअ‍ॅक्टिव्ह कंपनीनं ‘फुटबॉल मॅनेजर’ हे नाव घेतलं. इतक्या आवृत्त्या आल्या, तरी नवा खेळणारा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न बदललेला नाही: प्लेयर कितव्या वर्षी पीकला येतो? उत्तरही ठरलेलं असतं, सत्तावीस-अठ्ठावीस. हे उत्तर चुकीचं नाही, पण त्याच्या भरवशावर संघ बांधला तर तो बिघडतो. कारण माणूस एकाच वेळी सगळा भरात येत नाही.

मैदानी खेळाडूचे छत्तीस गुण गेममध्ये दिसतात. चौदा तंत्राचे, चौदा डोक्याचे, आठ शरीराचे. शरीराचे गुण सगळ्यात आधी पिकतात. माझ्या अनुभवात तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांची बहुतेक वाढ होऊन जाते, पुढची पाचेक वर्षं ते टिकतात आणि तिशीच्या आसपास उतरू लागतात. तंत्राचे गुण सावकाश वाढतात आणि सावकाशच उतरतात. चांगला पहिला टच पस्तिशीतही चांगलाच असतो. डोक्याचे गुण मात्र तिशीनंतरही चढत राहतात. अंदाज, निर्णय, जागा धरणं, दडपणाखाली शांत राहणं, हे आकडे एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षीही हिरवा बाण दाखवतात. एकाच शिवारातली सगळी पिकं एका दिवशी कापणीला येत नाहीत, तसे हे तीन गट.

म्हणजे शरीर अजून गेलेलं नाही आणि डोकं आलेलं आहे, असा जो पट्टा असतो तोच खेळाडूचा भर. तो पट्टा कुठे पडेल, हे त्याची जागा ठरवते. विंगरचं पोट धावण्यावर चालतं, म्हणून त्याचा पट्टा लवकर येतो आणि लवकर सरतो. सेंटर-बॅकचं निम्मं काम बॉल कुठे पडणार हे आधी ओळखण्याचं, म्हणून तो एकतीस-बत्तीसपर्यंत सुधारत राहू शकतो. गोलकीपर तर वेगळ्याच पंचांगावर चालतो. इटलीनं १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा कप्तान दिनो झॉफ गोलात उभे होते आणि ते चाळीस वर्षांचे होते.

गेमच्या आत हे सगळं एका आकड्यात येऊन मिळतं. खेळाडूची आजची कुवत, म्हणजे सीए, १ ते २०० मध्ये मोजली जाते. हा आकडा खेळणाऱ्याला दिसत नाही. प्रत्येक गुणाचं त्यातलं वजन जागेनुसार बदलतं आणि बहुतेक जागांवर वेगाला जबर वजन असतं. म्हणून निव्वळ वेगावर उभ्या असलेल्या खेळाडूचा वेग गेला की त्याची कुवत घसरत जाते आणि डोक्याचे वाढलेले आकडे ती घसरण भरून काढू शकत नाहीत. ज्याचं दुकान पासवर आणि नजरेवर चालतं, त्याचा तेवढाच वेग गेला तरी त्याचं फारसं अडत नाही. वय दोघांचं एकच.

याचं खऱ्या फुटबॉलमधलं उदाहरण म्हणून मला मायकल ओवेन आणि आंद्रेआ पिर्लो ही जोडी कायम आठवते. दोघांचाही जन्म १९७९ चा. ओवेन अठराव्या वर्षी, १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये, अर्जेंटिनाच्या बचावातून धावत गेला आणि त्यानं गोल केला. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्धच्या सामन्यात धावताना त्याचा हॅमस्ट्रिंग फाटला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. २००१ चा बॅलन डी’ओर त्याला मिळाला. त्याच २००१ च्या सुरुवातीला पिर्लोला मिलानच्या इंटर क्लबनं लोनवर त्याच्या मूळच्या ब्रेशियाला पाठवलं होतं. तो स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरच्या जागेवर खेळायचा आणि ब्रेशियात त्या जागेवर साक्षात रॉबर्तो बाज्जो होता. प्रशिक्षक कार्लो माझ्झोने यांनी पिर्लोला मागे, बचावफळीच्या पुढ्यात आणून उभं केलं. तिथे पळावं कमी लागतं आणि सगळं मैदान समोर दिसतं. पुढे एसी मिलानमध्ये कार्लो अँचेलोत्तींनी त्याला तिथेच ठेवलं.

ओवेनचा भर बाविशीतच येऊन गेला. दुखापती होत राहिल्या आणि २०१३ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. पिर्लोला मिलाननं २०११ मध्ये जाऊ दिलं, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. युव्हेंटसनं त्याला एक पैसा ट्रान्सफर फी न देता घेतलं. पहिल्याच मोसमात युव्हेंटसनं एकही सामना न हरता सेरी आ जिंकली. त्या उन्हाळ्यात, २४ जून २०१२ ला, कीव्हमध्ये इंग्लंडविरुद्धच्या शूटआऊटमध्ये इटली मागे असताना त्यानं गोलच्या मधोमध बॉल अलगद उचलून टाकला. इंग्लंडचा गोलकीपर जो हार्ट तोवर एका बाजूला पडलेला होता. त्या पेनल्टीत वेगाचा काही संबंध नव्हता. गेमच्या भाषेत सांगायचं तर ‘कंपोजर’ आणि ‘टेक्निक’, दोन्ही विसाच्या घरात.

माझ्झोने यांनी केलं तेच काम मला या गेममधलं सर्वांत मोलाचं वाटतं. पैसे असले की स्टार कुणीही विकत घेतो. आहे त्या माणसाचा भर ओळखायचा, आणि तो सरायच्या आत त्याला दुसरी जागा द्यायची, हे कसब आहे.

फुटबॉल मॅनेजर २०२४ मध्ये मी एफसी गोवाची सेव्ह, म्हणजे त्या क्लबचा एक लांबलचक डाव, चालवत होतो. त्यांच्या युथ इनटेकमधून आलेला एक लेफ्ट-विंगर, म्हणजे गेमनं स्वतः घडवलेला न्यूजेन, माझ्या हाताखाली मोठा झाला. पेस सोळा, अ‍ॅक्सेलरेशन सोळा, क्रॉसिंग चौदा. मी त्याला अठराव्या वर्षीच मैदानात उतरवलं, कारण अठरापर्यंत पोराची वाढ चांगल्या ट्रेनिंग ग्राउंडवर आणि कोचवर होते, पण पुढे त्याला सामने लागतात. बाकावर बसलेलं पोर वाढत नाही. त्यापेक्षा लोनवर लहान क्लबात रोज खेळलेलं बरं. तो एकोणतीसचा झाला तेव्हा पहिला लाल बाण आला.

माझा भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, “मामा, तिशीला आला की तो. आत्ताच विकून टाक, पैसे येतील.”

“त्याचं व्हिजन बघ,” मी म्हणालो.

“चौदा. मग?”

“गेल्या तीन सीझनमध्ये अकरावरनं चौदावर आलंय. डिसिजन्स पण वर आलेत. पळायचं बंद झालं तर हा काय करेल, ते बघायचं.”

“बेंचवर बसंल.”

मी त्याला सेंट्रल मिडफिल्डचं ट्रेनिंग लावलं. नव्या जागेची सवय व्हायला महिने जातात. मैदानाच्या नकाशावर त्या जागेचा रंग नारिंगीवरून हळूहळू हिरव्याकडे सरकतो, आणि तोपर्यंत तो तिथे खेळला की निर्णय उशिरा घेतो. म्हणून हे काम वेग पुरता गेल्यावर करून उपयोग नाही. विंगर म्हणून तो अजून कामाचा आहे तोवरच, सोप्या सामन्यांत शेवटची वीस-पंचवीस मिनिटं, त्याला आत आणायचा. बत्तिसाव्या वर्षी त्याचा पेस तेरावर होता आणि तो संघातला सगळ्यात जास्त की-पास देणारा मिडफिल्डर झाला होता. कडेला असताना त्याला जे क्रॉसिंग यायचं, त्याचाच उपयोग तो आता बॉल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरवायला करत होता.

हे सगळ्यांच्या बाबतीत जमत नाही. उतार किती तीव्र असेल हे ‘नॅचरल फिटनेस’ ठरवतो. तो आकडा खरेदीच्या वेळी फार थोडे लोक बघतात. तीस ओलांडलेल्याच्या बाबतीत मी तो सगळ्यात आधी बघतो. दुसरी गोष्ट व्यावसायिक शिस्तीची. तो गुण लपलेला असतो, पण खेळाडूच्या स्वभावाच्या वर्णनावरून त्याचा माग लागतो. ‘मॉडेल प्रोफेशनल’ असेल तर वाट बघावी, ‘कॅज्युअल’ असेल तर थांबू नये. आणि गुडघ्याची मोठी दुखापत झालेल्याचं गणितच निराळं. तिथे पंचविशीतही वेग कायमचा उतरू शकतो.

सुनील छेत्रीचा विचार मी याच आकड्यांतून करतो. उंची बेताची, तरी डोक्यानं केलेले गोल किती! हवेत कोण उंच जातं यापेक्षा कधी उडायचं हे ज्याला कळतं, त्याचा वयाशी करार लांब असतो. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो भारताच्या संघातून निवृत्त झाला, एकोणचाळिसाव्या वर्षी. मार्च २०२५ मध्ये परत आला आणि शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध गोल केला, तोही हेडर. तेव्हा चाळिशी उलटली होती. त्यात भारतीय फुटबॉलची काळजी करण्यासारखं पुष्कळ आहे, कारण त्याच्या जागी चोवीस-पंचविसाचा कुणी उभा राहायला हवा होता. पण खेळाडू म्हणून त्यानं स्वतःच्या उताराला दिलेलं उत्तर मला फार मोठं वाटतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेल्याला हे नवं नाही. पाटाकडील असो की दिलबहार, प्रत्येक संघात एखादा वयस्क गडी मधोमध उभा असायचा. तो फार हलायचा नाही. आजूबाजूची पोरं घाम गाळायची आणि बॉल मात्र फिरून फिरून त्याच्याच पायात यायचा. गॅलरीतली मंडळी नव्या पोराच्या धावेवर ओरडायची, पण जाणती माणसं त्या उभ्या गड्याकडे बघत बसायची. तेव्हा मला ते कळत नव्हतं. गेममध्ये ‘पोझिशनिंग’ नावाचा आकडा बघितल्यावर कळलं.

गेमची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. आजच्या कुवतीसारखाच खेळाडूच्या अंतिम कुवतीचाही एक आकडा असतो, पीए. सेव्ह सुरू झाली की तो ठरून जातो. काही पोरांच्या बाबतीत आधी नुसता टप्पा दिलेला असतो आणि त्यातून गेम आकडा काढतो, पण एकदा निघाला की कायम. फ्रेडी अडू चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये उतरला. मिलवॉलचा चेर्नो सांबा शाळकरी वयातच गाजला होता. दोघंही या गेममध्ये जगातले अव्वल खेळाडू होत, प्रत्यक्षात मात्र ते शिखर त्यांच्या वाट्याला आलं नाही. इतक्या लहान वयात माणसाच्या कपाळावर आकडा लिहायचा, ही कल्पनाच मुळात कच्ची आहे.

उलट जेमी व्हार्डी. २०१२ मध्ये लेस्टरनं त्याला फ्लीटवूडकडून घेतलं, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि इंग्लंडच्या पाचव्या पायरीवरच्या फुटबॉलमध्ये खेळत होता. २०१५-१६ मध्ये त्यानं सलग अकरा प्रीमियर लीग सामन्यांत गोल केले, लेस्टरनं लीग जिंकली, आणि त्या मोसमात तो एकोणतिसाचा झाला. गेममध्ये विशीच्या मध्यावर वाढ मंदावते, त्यामुळे असा माणूस तिथे जवळजवळ होतच नाही. पुढच्या आवृत्तीत त्याचे आकडे वाढवले जातात, पण चालू सेव्हमधला व्हार्डी आहे तिथेच राहतो. म्हणून मी लपलेले आकडे दाखवणारा एडिटर उघडून पीए बघत नाही. स्काउट आपापल्या मतानं तारे देतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पंचविशीतल्या एखाद्या दुर्लक्षित पोराला आणखी एक मोसम द्यायची जागा त्यातच उरते.

भाच्याचं म्हणणं मी सोडून देत नाही. आर्सेन वेंगर यांनी आर्सेनलमध्ये तिशी ओलांडलेल्यांना एकेका वर्षाचाच करार द्यायची रीत ठेवली होती, आणि त्या रीतीतूनच डेनिस बर्गकाम्प पस्तिशीच्या उंबरठ्यावर २००३-०४ च्या अपराजित संघात खेळला. म्हणजे कडक राहूनही माणूस ठेवता येतो. गोव्याच्या त्या मिडफिल्डरला मीही तेहतिसाव्या वर्षी एकाच वर्षाचा करार दिला, पगार कमी केला, आणि मेंटरिंगमध्ये दोन अठरा वर्षांची पोरं त्याच्या हाताखाली दिली. पण ज्या विंगरकडे वेगाशिवाय काही नाही, व्हिजन नऊ, डिसिजन्स दहा, तो मी अठ्ठाविसाव्या वर्षी विकतो; इथे भाच्याचं आणि माझं एकमत आहे. गोलकीपरवरून मात्र आमचं अजून भांडण आहे. तो एकतिसाव्या वर्षी विकायला काढतो आणि मी पस्तिशीच्या आत कीपरला हात लावू देत नाही.