रविवारी उघडलेलं इंजिन

आमच्या पिढीला नाशिकचा रविवार आठवतो तो रॉकेलच्या वासासकट. सातपूर-अंबडच्या वसाहतींतली मोठी माणसं आठवडाभर मायकोत किंवा ओझरला एचएएलमध्ये मायक्रॉनच्या हिशेबात काम करायची आणि सुटीच्या सकाळी अंगणात बुलेट उघडून बसायची. बिडाच्या बॅरलच्या त्या जुन्या इंजिनात दोन कॅम असत, एक इनलेटचा आणि एक एक्झॉस्टचा. कॅमचं पाणी उतरलं की त्याच्या नाकावर खड्डे पडत, गाडीची ओढ कमी होई आणि उजवीकडून टकटक ऐकू येई. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं.

आता आवाज आलाच तर आपण फोनवरून सर्व्हिसची वेळ घेतो. माणूस गाडी घेऊन जातो आणि संध्याकाळी धुऊनपुसून परत आणतो. खरं तर तसा आवाज आता सहसा येतच नाही. २००९च्या सुमारास बुलेटच्या घराण्यात युनिट कन्स्ट्रक्शन (यूसीई) इंजिन रुळलं, त्यात हायड्रॉलिक टॅपेट आले आणि टॅपेट जुळवत बसणं संपलं. २०२०मध्ये मीटिऑरबरोबर आलेल्या इंजिनात कॅम वर हेडमध्येच गेला आणि साखळीवर फिरू लागला. पुशरॉड गेले, त्यांच्याबरोबर अंगणातली बैठकही गेली.

तेव्हा कॅम मिळवण्यापासूनच तयारी सुरू होई. नाशकात मिळाला नाही तर पुण्याला जाणाऱ्याला नाना पेठेतून आणायला सांगायचं, मुंबईला जाणाऱ्याला ऑपेरा हाऊसहून. कॅम आला की कव्हर निघे. जुनं पॅकिंग खरवडायचं आणि कव्हरच्या कडेवर जाड कागद धरून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी नवं कापायचं. मग दातांवरच्या खुणा जुळवायच्या: क्रँकच्या पिनियनची कॅमशी, आणि दोन्ही कॅमची एकमेकांशी. एक दात जरी पुढेमागे झाला तरी सगळं पुन्हा उघडावं लागे, म्हणून शेजारच्या काकांनी वाकून ‘जुळली’ म्हटल्याशिवाय कव्हर लागत नसे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंट कधी उघडतो ते पाहायला त्यात सिगारेटचा पातळ कागद धरायचा; तो अलगद सुटला की टायमिंग आलं. शेवटी किक, आणि पहिला ठोका पडेपर्यंत सगळ्या अंगणाचा श्वास रोखलेला.

आज बटण दाबलं की इंजिन सुरू होतं. कोणी श्वास रोखत नाही, कारण ते सुरू होणार हे सगळ्यांना माहीत असतं. बिघाड झालाच तर मेकॅनिक यंत्र जोडून कोड वाचतो, आणि तो कोड आमच्या कानांपेक्षा बहुतेक वेळा अचूक असतो.

जुन्या दिवसांची खोटी स्तुती आम्ही करणार नाही. किक उलटी बसली की घोटा सुजायचा. ऑइल गळायचं आणि फरशीवरचा डाग कधी निघायचा नाही. डुप्लिकेट कॅम वर्षभरात झिजायचा आणि पगारातला मोठा घास घेऊन जायचा. रेशनचं रॉकेल स्टोव्हसाठी राखलेलं असे, ते आम्ही सुटे भाग धुण्यात घालवत असू, आणि तेही आईच्या परातीत. त्या बैठकीत पान्याजवळ बसायची मुभा मुलग्यांना होती. बहिणींच्या वाट्याला चहाचा ट्रे यायचा. या सगळ्याची खंत तेव्हा कोणी केली नाही. आज करायला हवी.

आता त्याच घरांतल्या मुली कुणाची मदत न मागता गाडी काढतात, गंगापूर रोडने कॉलेजला जातात, रात्री परत येतात. कसारा घाटात गाडी बंद पडेल ही धास्ती त्यांच्या आईवडिलांना आमच्या आईवडिलांइतकी नसते. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या गाड्यांचा धूरही पुष्कळ स्वच्छ झाला. हा बदल आम्हाला मनापासून हवा होता.

तरीही एक गोष्ट गेली, आणि तिच्यासाठी जीव तुटतो. काका आमचं बोट धरून जुन्या कॅमच्या नाकावरून फिरवत. नख कुठे अडतं ते विचारत, मग नवा कॅम हातात देऊन तिथे कसं अडत नाही ते दाखवत. एवढ्या एका स्पर्शात कळायचं की धातू झिजतो, झिजण्याला कारण असतं आणि ते कारण शोधता येतं. कारखान्यात वर्षानुवर्षं कमावलेलं ज्ञान असं रविवारच्या अंगणात, कुठलीही फी न घेता, पुढच्या पिढीच्या बोटांत उतरत होतं. नव्या गाडीने आमची दगदग वाचवली, पण ते बोट धरणारा हातही त्याच दगदगीबरोबर निघून गेला.

म्हणून वाटतं, ज्यांच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी बुलेट धूळ खात उभी असेल त्यांनी तिचं कव्हर एका रविवारी मुलामुलींसमोर काढावं. खुणा त्यांनाच जुळवू द्याव्यात आणि चुकल्या तर त्यांनाच पुन्हा उघडायला लावावं. सगळी सकाळ जाईल, हात काळे होतील, जेवायला उशीर होईल. आम्ही असेच शिकलो, आणि शिकवणाऱ्यांनी आमच्यासाठी तेवढा वेळ काढला होता.