उलाळ गाडी

आमच्या हुमनाबादेवरून पुणे-हैदराबाद रस्ता जातो. त्या रस्त्यावर रात्रंदिवस वाहनांची रीघ लागलेली असते. परंतु रस्ता सोडून चार किलोमीटर आत वळले की खाचखळग्यांची जुनी गाडीवाट सुरू होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून बाजारात कानडी आणि चुलीपाशी मराठी असा आमचा संसार चालला आहे. अशा एका गाडीवाटेच्या टोकाशी आमच्या वडिलांचे जन्मगाव होते. 'होते' असे म्हणण्याचे कारण की, कारंजा नदीवर धरण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. चार वर्षांपूर्वी पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ओसरी आणि खाट एवढेच त्यांचे जग झाले. गेल्या माघात ते सहज बोलून गेले, "वैशाखात पाणी उतरतं. गावची जागा उघडी पडत असेल. एक रात्र तिथं काढावी वाटते." त्यांनी आयुष्यात आमच्यापाशी फारसे काही मागितलेले नाही. म्हणून ते बोलणे आम्हा दोघा भावांच्या मनाला लागून राहिले. परंतु त्यांना तास दीड तासाहून अधिक बसवत नाही, रात्री दोनदा उठावे लागते, आणि त्या माळावर धर्मशाळा नाही की झाडाची दाट सावली नाही. तेव्हा जीपमागे जोडता येईल अशी निजण्याची एक लहानशी गाडी घरीच बांधावी, असे आम्ही ठरविले.

ही कल्पना काही नवी नाही. 1885 साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील माजी डॉक्टरांसाठी 'वाँडरर' नावाची एक फिरती घरगाडी बांधण्यात आली. ती सुमारे दोन टन वजनाची होती आणि दोन घोडे ती ओढीत. पुढे 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील साध्या कुटुंबांनी घराच्या अंगणात हलक्या, अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या गाड्या बांधल्या. आत केवळ दोघांचे अंथरूण आणि मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा, असा त्यांचा थाट. आम्हांस हाच नमुना पसंत पडला.

तीन महिने रोज संध्याकाळी आम्ही त्या कामात असू. सांगाडा दोन इंची चौकोनी लोखंडी नळीचा केला. लांबी नऊ फूट, रुंदी पाच फूट. आस आणि पाटे यांच्या निवडीत घाई केली नाही. चाके मुद्दाम जीपच्याच मापाची घेतली व दोन चाकांतील अंतरही जीपइतकेच ठेवले. याचे दोन लाभ आहेत. एकच जादा चाक दोन्ही वाहनांस चालते, आणि मागची चाके पुढच्यांनी पाडलेल्या चाकोरीतूनच जात असल्यामुळे चिखलात ओढ कमी लागते. जोडणीसाठी गोळा आणि वाटी न घेता लष्करी जीपला असतो तसा आकडा व कडी घेतली. कारण खडकाळ वाटेवर पुढचे वाहन एका अंगास आणि मागचे दुसऱ्या अंगास कलते. आकड्यात कडी फिरते, म्हणून जोड मोडत नाही. आकडा चुकून निसटलाच तर गाडी सुटू नये म्हणून दोन साखळ्या लावल्या. वर प्लायवूडचे छप्पर, त्यावर पत्रा आणि दोहोंच्या मध्ये उन्हासाठी थर्माकोल घातले. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या.

ट्रेलर हेही कायद्याने मोटार वाहनच आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत त्याचा स्पष्ट समावेश आहे. म्हणून नोंदणीचे सोपस्कार पार पडेपर्यंत गाडी आम्ही मोठ्या रस्त्यावर नेली नाही. त्या कामी हेलपाटे पुष्कळ पडले. पण ते सोडून चालत नाही.

अखेर पहिल्या फेरीचा दिवस उगवला. मागच्या ओट्याखाली साठ लिटर पाण्याची टाकी भरली आणि मागच्या दारावर जादा चाक टांगले. गाडी मोठी देखणी दिसत होती. हळ्ळीखेडच्या दिशेने निघालो. सपाटीवर सारे ठीक होते. एका उतारावर वेग पन्नासापर्यंत गेला आणि मागची गाडी माशाच्या शेपटीसारखी डावी-उजवीकडे हेलकावू लागली. तिच्या हिसक्यांनी जीपही रस्ता सोडू पाहत होती. धाकट्या भावाने जोराचा ब्रेक न लावता वेग हळूहळू कमी होऊ दिला, म्हणून आम्ही वाचलो. घरी परतलो तेव्हा आमच्या तोंडचे पाणी पळाले होते. "ही गाडी मोडीत काढू" असे एक जण म्हणाला आणि दुसऱ्याने मान डोलविली.

वडील ओसरीवरून सर्व ऐकत होते. त्यांनी काठी मागितली, आमच्या खांद्याचा आधार घेऊन ते अंगणात आले आणि गाडीची धुरा एका हाताने उचलू लागले. ती सहज वर आली. ते म्हणाले, "उलाळ झालीय, लेकरांनो. धुरेला वजन कुठं आहे?"

येथे आम्हांस आमची लाज वाटली. वडिलांनी तरुणपणी वीस वर्षे तूर आणि जोंधळ्याच्या गाड्या हुमनाबादच्या बाजाराला आणल्या होत्या. बैलगाडीत माल मागे अधिक भरला तर ती 'उलाळ' होते, जू वर उचलले जाऊन बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे अधिक भरला तर 'धुरजड' होऊन बैलाची मान दबते. जाणता गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवतो. आम्ही तीन महिने मोबाईलवर परदेशी चित्रे पाहिली, लोहाराला विचारले, मिस्त्रीला विचारले; दहा पावलांवर खाटेवर बसलेल्या माणसाला मात्र एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वजन केले. पाण्यासह संपूर्ण गाडी 460 किलो भरली. धुरेखाली धान्याचा काटा ठेवला, तर तेथे अवघे पाच किलो! ट्रेलर बांधणारे जाणकार सांगतात की, एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर पडला पाहिजे. वडिलांच्या सांगण्यावरून पाण्याची टाकी मागून काढून बरोबर आसावर आणली आणि जादा चाक पुढे धुरेवर बसविले. पुन्हा काटा लावला: 56 किलो, म्हणजे बारा टक्के! एक खिळाही नवा लागला नाही. तोच उतार आम्ही पुन्हा त्याच वेगाने उतरलो. गाडी वासरासारखी मागोमाग आली.

वैशाखात आम्ही निघालो. वडिलांना जीपमध्ये पुढे बसविले, कारण चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसविणे हा केवळ गुन्हा नव्हे, जिवाशी खेळ आहे. वाटेत दोनदा थांबून त्यांना गाडीत आडवे केले. धरणाच्या काठी एका शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या मोकळ्या रानात मुक्काम केला. पाणी बरेच मागे हटले होते. भेगाळलेल्या गाळाकडे काठी रोखून वडील सांगू लागले, "ती तिथं विहीर. तिच्या अलीकडं आपलं खळं. तुमची आई त्या वाटेनं नांदायला आली." आम्हांस तेथे केवळ गाळ दिसत होता, त्यांना सारे गाव दिसत होते. रात्री ते गाडीत निजले, आम्ही बाहेर चटईवर. चार वर्षांत प्रथमच ते पहाटेपर्यंत एका झोपेत निजले.

सकाळी निघण्यापूर्वी त्यांनी आपण होऊन धुरेला हात घातला, थोडी उचलून पाहिली आणि म्हणाले, "आता बरी आहे."

वाचकहो, आपल्यापैकी कोणी अशी गाडी बांधणार असेल, तर धुरेचे वजन अवश्य करावे. आणि काम आरंभण्यापूर्वी ओसरीवरच्या खाटेपाशी क्षणभर बसावे. आमचे तीन महिने त्यामुळे वाचले नसते. परंतु त्या दिवसांत एक वृद्ध माणूस आपल्याच अंगणातील कामाकडे परक्यासारखा पाहत बसला, तेवढे तरी टळले असते.