पावणेदोन लाखांचा नेम

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पिस्तुलावर लेख लिहिला की वाचणाऱ्याला वाटणार, याचा एखादी बँक लुटण्याचा बेत दिसतो! तसे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी चालवतो ते पिस्तूल हवेचे आहे, आणि तेही माझे नाही, आमच्या क्लबचे आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र एक परदेशी, पावणेदोन लाखांचे पिस्तूल माझे स्वतःचे व्हावे असे मला फार वाटले होते. त्याचीच ही हकिकत.

नेमबाजीचे वेड मला शाळेत असतानाच लागले. २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूर म्हणजे आम्हा बेळगावकरांचे शेजारचे गाव. शेजारच्या गावची मुलगी जे करते ते आपल्यालाही जमेल, असे त्या वयात वाटतेच. प्रत्यक्ष पिस्तूल हातात यायला पुढे बारावी संपावी लागली.

क्लबमधले आमचे सर कन्नडभाषिक. पहिल्या दिवशी मी भराभर पाच छर्रे मारले तेव्हा ते म्हणाले, "अवसर माडब्याड, तम्मा." माझे शिक्षण मराठी माध्यमातले. शाळेत कन्नड शिकलो होतो ते परीक्षेपुरते. अवसर म्हणजे संधी हे मला ठाऊक होते. मला वाटले, सर म्हणताहेत की इथे तुला संधी नाही. मी पिस्तूल खाली ठेवून निघालोच होतो! शेजारच्या मित्राने हसत हसत अर्थ सांगितला. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. "घाई करू नकोस" इतकेच सरांना म्हणायचे होते. तो शब्द पुढे मला आणखी एकदा आठवायचा होता.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लक्ष्य १० मीटरवर असते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. लक्ष्याच्या मध्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. एका हातात पिस्तूल धरायचे, कशाचाही आधार घ्यायचा नाही, आणि ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. सगळे दहा पडले तर ६०० गुण. माझे गुण वर्षभर ५२५ आणि ५३५ यांच्या मध्ये घुटमळत होते. बैल घाण्याला फिरावा तसा मी तिथल्या तिथे फिरत होतो.

त्याच सुमारास क्लबमध्ये एक डॉक्टर यायला लागले. वय पंचावन्नच्या पुढे, फक्त रविवारी येणार. त्यांच्याकडे स्वित्झर्लंडचे मोरिनी पिस्तूल होते. क्लबचे पिस्तूल भारतातच बनलेले, वापरून वापरून मूठ काळी पडलेली. डॉक्टरांचे पिस्तूल पेटीतून निघाले की आम्ही सगळे सत्यनारायणाच्या प्रसादाला जमावे तसे भोवती जमायचो. एका रविवारी त्यांनी ते माझ्या हातात दिले. चाप असा सुटला की सुटल्याचे बोटाला कळलेच नाही. पहिले दोन छर्रे दहात गेले. त्या क्षणी माझा निकाल लागला. माझ्या ५३० गुणांचे कारण मला सापडले होते: कारण मी नव्हतो, क्लबचे पिस्तूल होते!

घरी जाऊन मी हे सांगितले. बाबा उद्यमबागेत लेथवर टर्नर आहेत. ते फार बोलत नाहीत. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली. स्वयंपाकघरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आईने कोपऱ्यातले पातेले उचलून पाणी बाहेर ओतले आणि पुन्हा जागेवर ठेवले. आमचे घर शहापुरातले जुने, कौलारू. वासे कुजले आहेत, आणि बेळगावचा पाऊस कसा असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. वासे बदलण्यासाठी बाबांनी पतसंस्थेत दोन लाखांची ठेव ठेवली होती. बाबा म्हणाले, "वासे काय, अजून एक पावसाळा काढतील की. तू नीट विचार करून सांग."

त्यांनी नकार दिला असता तर बरे झाले असते. मी रुसलो असतो आणि विषय संपला असता. त्यांनी होकार दिल्यामुळे हिशेब माझ्या गळ्यात पडला.

हिशेब करायचा म्हणजे आधी आपल्या बाजूचे पुरावे गोळा करायचे, ही माणसाची जुनी खोड. मीही तेच केले. क्लबमध्ये मित्र म्हणायचे, "तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचला बघ. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला साधा चष्मा घालून, एक हात खिशात घालून आला आणि मिश्र सांघिकचे रौप्यपदक घेऊन गेला. त्याला कुठे सामान लागले?" मी म्हणायचो, "चष्मा साधा होता, पण हातातले पिस्तूल स्पर्धेचेच होते ना!" हे खरेच होते. तो फोटो पाहून लोकांनी काढलेला अर्थ अर्धाच होता. दुसरे उदाहरण मनू भाकरचे. तिचे पिस्तूल एक कोटीचे असल्याची आवई उठली होती. तिनेच खुलासा केला की ते दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपासचे आहे. मी म्हटले, बघा! ऑलिंपिकच्या दोन पदकांचे पिस्तूल या किमतीत येते, म्हणजे स्वस्तच की!

पण त्याच मनूची दुसरी गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो होतो. ती सरांनी आठवण करून दिली. २०२१ साली टोकियोला पात्रता फेरी चालू असताना तिचे पिस्तूल बिघडले. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली. तरी परत येऊन तिने ५७५ गुण केले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. सर म्हणाले, "पिस्तूल उत्तम होते, तरी बिघडले. वेळ गेला, तरी ५७५ झाले. आता सांग, ते ५७५ कुणाचे? पिस्तुलाचे का तिचे?" मी गप्प बसलो.

मग बाबाच एका रविवारी क्लबमध्ये आले. बरोबर एक छोटा व्हाइस, लाकडाचे दोन ठोकळे आणि चामड्याचे तुकडे. सरांच्या परवानगीने त्यांनी क्लबचे पिस्तूल चामड्यात गुंडाळून व्हाइसमध्ये पक्के बसवले, आणि सरांनी हलक्या हाताने दहा छर्रे मारले. लक्ष्य आणून बाबांनी व्हर्नियर लावला. दहाही छर्रे मिळून एकच ओबडधोबड भोक पडले होते, सुमारे ८ मिलिमीटरचे. दहाचे वर्तुळ ११.५ चे! म्हणजे ज्या पिस्तुलाला मी वर्षभर दोष दिला, ते एकटे असताना प्रत्येक वेळी दहा मारत होते. सर हळूच म्हणाले, "बंदूक सुळ्ळ हेळूदिल्ल." बंदूक खोटे बोलत नाही.

बाबांनी मग खिशातून पेन्सिल काढली आणि लक्ष्याच्या पाठीमागे एक लांबट त्रिकोण काढला. पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर त्यांनी मोजले होते, ३५ सेंटिमीटर. लक्ष्य १० मीटरवर. खाचेत माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर छर्रा लक्ष्यावर जवळजवळ २९ मिलिमीटर सरकतो. दहाच्या जागी सात! हा त्रिकोण शाळेत भूमितीत मी मराठीतून शिकलो होतो, त्यावर गुणही मिळवले होते. पण माझ्या हातातल्या पिस्तुलात तोच त्रिकोण आहे हे मला सातवी पास बाबांनी दाखवले. हा त्रिकोण क्लबच्या पिस्तुलाला जितका लागू, तितकाच पावणेदोन लाखांच्या पिस्तुलालाही लागू. मनगटातला तो एक मिलिमीटर कोणताच कारखाना दुरुस्त करून देत नाही.

डॉक्टरांनी मोठ्या मनाने सलग चार रविवार आपले पिस्तूल मला दिले. मी साठ-साठ छर्रे मारले. पहिल्या रविवारी ५२८, मग ५३३, ५३७, ५३६. त्याच आठवड्यांत क्लबच्या पिस्तुलावर माझी सरासरी ५३१ होती. म्हणजे पावणेदोन लाखांत मला दोन-तीन गुण मिळत होते.

तरी खोटे बोलणार नाही. महाग पिस्तुलात काहीच नसते असे म्हणणे म्हणजे द्राक्षे आंबट. त्याचा चाप सकाळी जसा सुटतो तसाच संध्याकाळी सुटतो. नियमाप्रमाणे चापावर किमान ५०० ग्रॅम भार हवा. तो तिथे पाचशेच्या जरा वर बसवला की महिनोन्महिने हलत नाही. वजन पुढेमागे सरकवता येते. मुख्य म्हणजे मूठ हातात अशी बसते की मनगट वाकडे व्हायला वावच राहत नाही. ५७० गुण मारणाऱ्याला यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडते. त्याच्या चुका इतक्या बारीक असतात की पिस्तुलाची चूक वेगळी दिसू शकते. माझ्या चुका इतक्या ठळक की त्यांच्या गर्दीत पिस्तुलाची चूक शोधूनही सापडणार नाही.

यातून एक गोष्ट मात्र हाताला लागली. फायदा होता तो बराचसा मुठीचा. सरांनी क्लबच्या पिस्तुलाची मूठ माझ्या हाताप्रमाणे करून घ्यायला परवानगी दिली. बाबांनी दोन संध्याकाळी बसून लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. खर्च लांबी आणि पॉलिश पेपर मिळून दोनशे रुपयांच्या आत! महिन्याभरात सरासरी ५४० च्या वर गेली.

आता थोडे वाणिज्य. वर्गात घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकवताना नेहमी आंब्याचे उदाहरण देतात. पहिला आंबा अमृत, पाचवा नकोसा. पिस्तुलाचेही तसेच आहे. अगदी स्वस्त, स्प्रिंगचे, धक्का देणारे पिस्तूल सोडून नीट नेम लागणारे पिस्तूल घेतले तर त्या पैशाचे चीज होते; तिथे काटकसर करणे हा खरा तोटा. त्यानंतरच्या प्रत्येक हजाराला मिळणारे गुण कमी कमी होत जातात. आणि पैसे एकदा एकीकडे गेले की दुसरीकडे जात नाहीत. आठवड्याला मला दोनशे छर्रे लागतात, वर्षाला दहा हजार. आमच्या क्लबमध्ये पाचशेचा डबा साधारण हजार रुपयांना पडतो, म्हणजे वर्षाचे वीस हजार. पावणेदोन लाखांत पावणेनऊ वर्षांचे छर्रे येतात! गुण वाढवायला मला कमी काय पडत होते, ते या आकड्याने सांगितले.

मग डॉक्टरांचे पैसे वाया गेले का? त्यांचे गुण ४८० च्या पुढे जात नाहीत. मी एकदा धीर करून त्यांना हेच विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आठवडाभर मी लोकांची दुखणी ऐकतो. रविवारी तासभर ही वस्तू हातात धरली की मला बरे वाटते. माझे पैसे, माझा आनंद. गुणांचा प्रश्नच नाही." आणि मग जरा थांबून म्हणाले, "तू घेणार ते कुणाचे पैसे?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. हौसेची किंमत हौशी माणसानेच ठरवायची, हे मला मान्य आहे. पण मला हौस नेमबाजीची होती की पेटी उघडल्यावर भोवती जमणाऱ्या गर्दीची? मी मला विचारले आणि उत्तर फारसे आवडले नाही. नेमबाज होण्यापेक्षा मला नेमबाज दिसायची घाई झाली होती. आणि ती घाई भागवायला आईने आणखी एक पावसाळा पातेली मांडायची होती.

ठेव मोडली, पण वाशांसाठी. फेब्रुवारीत काम झाले. कौले चढवताना मीही हात दिला. मूठ घासलेलेच पिस्तूल मी अजून चालवतो. परवा ५४६ झाले. सर म्हणतात, सातत्याने ५६० च्या पुढे गेलास तर पिस्तुलाचे बोलू.

त्या संध्याकाळी बाबांना ५४६ सांगितले. कारखान्यात सगळे आयुष्य कन्नड माणसांबरोबर गेल्यामुळे त्यांचे कन्नड माझ्यापेक्षा चांगले आहे. ते म्हणाले, "मग आता घ्यायचे काय ते पिस्तूल?"

मी म्हटले, "अवसर नाही, बाबा."

घाई नाही की संधी नाही, ते त्यांनी विचारले नाही. नुसते हसले आणि सवयीने वर बघितले. छप्पर कोरडे होते.